परड्यूच्या नव्या चाहत्याला: भरतीकडे कसं पाहावं

स्वागत! परड्यू या अमेरिकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात नवी मुलं येणार म्हटल्यावर उत्साह वाटणारच. फक्त सुरुवातीला एवढं सांभाळा.

सगळ्यांची पहिली चूक म्हणजे नावापुढचे स्टार (शालेय खेळाडूंना क्रमवारी लावणारे देतात ते) मोजून खेळाडूचं भविष्य ठरवणं. आपला झॅक ईडी शाळेतून परड्यूत आला तेव्हा राष्ट्रीय क्रमवारीत चारशेच्याही खाली होता. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी तोच देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि 2024 मध्ये संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला.

दुसरं, धीर धरा. ट्रे कॉफमन-रेन 2021-22 मध्ये रेडशर्ट होता, म्हणजे संघात असूनही त्या वर्षी एकही सामना खेळला नाही. 2024-25 मध्ये तो सामन्यामागे सरासरी वीस गुण काढत होता. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात, बाकावर बसलेला पोरगा वाया गेला असं कृपा करून म्हणू नका.

- नावं नाही, जागा मोजा: चेंडू पुढे कोण नेणार, बास्केटखाली कोण, त्याचे फाउल वाढले तर त्याच्या जागी कोण?
- खेळाडूचा तोंडी होकार म्हणजे सही नव्हे.
- हंगाम संपून ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) उघडलं की संघाची यादी हलते. तोवर पुढचा संघ पक्का धरू नका.

एनआयएलचे पैसे (खेळाडूंना आपल्या नाव-प्रतिमेच्या वापरासाठी मिळतात ते), शिष्यवृत्तीचे नियम नंतर बघू. आधी परड्यूच्या घरच्या मैदानात, मॅकी अरीनात जाऊन एक सामना बघाच!