नुसत्या एम.ए.वर थांबू नका

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे आहे. गावातल्याच महाविद्यालयातून एम.ए. केली तर चालेल का? – एक पालक, सातारा

उत्तर : एम.ए. जरूर करता येईल, पण तेवढ्यावर तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांच्या रुग्णांची तपासणी आणि समुपदेशन करणारी मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करता येणार नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमानंतरच होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येतही आरसीआयने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर क्लिनिकल सायकॉलॉजीची दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. आणि तीत तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली आणि या विषयाला दिलेली सवलत २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंतच होती. आरसीआयने आता क्लिनिकल सायकॉलॉजीची दोन वर्षांची एम.ए. आणि साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) असे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. त्यामुळे माहितीपत्रकावर ‘क्लिनिकल’ हा शब्द दिसला की हुरळून जाऊ नये. स्पेशलायझेशन म्हणून तो शब्द कोणीही छापतो. त्या संस्थेच्या त्याच अभ्यासक्रमाला, त्याच वर्षासाठी आरसीआयची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. दूरशिक्षणाचा विचार मनात असेल तर तो सोडावा, कारण २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राला तो मार्ग बंद केला आहे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते प्रशिक्षण. ओपीडीत समोर बसलेली बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘डोक्याला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो’ असे म्हणते, आणि शेजारी बसलेली सासू तिच्या आधी उत्तरे देत असते. झोप कधीपासून बिघडली, जेवण कसे आहे, घरात आधी कोणाला असा त्रास होता का, हे सगळे हळुवारपणे विचारून हिस्टरी लिहायची आणि मग ती वरिष्ठांसमोर मांडून त्यातल्या चुका ऐकायच्या, हे वाचून येत नाही. मुलाची बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी घेतानाही तो थकला आहे की त्याला खरोखरच जमत नाही, हे ओळखायला शंभर मुलांजवळ बसावे लागते. म्हणून संस्था निवडताना तिला मनोरुग्णालय किंवा मनोविकार विभाग जोडलेला आहे का, हे आधी विचारा. पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, बंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची सीआयपी या मानसिक आरोग्याच्या केंद्रीय संस्था, ही नावे त्याच कारणाने घेतली जातात. मनोरुग्णालयाच्या नावाने आपण कचरत असाल तर ते मी समजू शकतो, पण मुलीला तिथूनच शिकू द्या.

या जागा फार थोड्या असतात. म्हणून त्यांच्या प्रवेश परीक्षांबरोबरच गावातल्या एम.ए.चा अर्जही भरून ठेवावा आणि पदवीला किमान ५५ टक्के गुण राहतील असे पाहावे.