वाचक विचारतात : कर्णधारच प्रशिक्षक असला तर?

प्रश्न : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधले जॉन निकोल्स कर्णधार आणि प्रशिक्षक दोन्ही होते. खेळता खेळता संघ चालवणं कसं जमायचं? आमच्या फुटबॉल संघाला प्रशिक्षक परवडत नाही, म्हणून विचारतो.
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : निकोल्स मूळचे रकमन. त्या काळी पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवत, तेव्हा उडी मारून तो आपल्या साथीदाराकडे टोलवणं हे रकमनचं काम. 1957 ते 1974 या काळात ते मेलबर्नच्या कार्लटन क्लबकडून 328 सामने खेळले. रॉन बरासी यांच्यानंतर, 1972 मध्ये, प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे आलं.

त्याच वर्षी रिचमंडशी उपान्त्य लढत बरोबरीत सुटली, फेरसामना कार्लटन हरलं आणि मिळालेल्या दुसऱ्या संधीत सेंट किल्डाला हरवून कसंबसं अंतिम फेरीत आलं. समोर पुन्हा रिचमंड. निकोल्स यांनी रोखून धरण्याचा नाद सोडला आणि गोलांचा सपाटा लावायचं ठरवलं. स्वतः गोलजवळच्या कोपऱ्यात उभे राहिले, 6 गोल केले. निकाल : 28.9 (177) विरुद्ध 22.18 (150). हा ठिपका दशांशाचा नव्हे. आधी गोल, प्रत्येकी 6 गुण. मग बिहाइंड, म्हणजे बाजूच्या खांबांमधून गेलेले, 1 गुणाचे. 28 गुणिले 6, अधिक 9.

तेव्हा मैदानावर 18 आणि राखीव फक्त दोन. बदललेला खेळाडू परत येत नसे. त्यामुळे चालू सामन्यात ठरवायचं थोडंच असे, बाकीचं चार भागांच्या सामन्यातल्या तीन मध्यंतरांत उरकायचं. 1978 पासून खेळाडूंची ये-जा सुरू झाली आणि बाकावरचं काम वाढलं. 1979 मध्ये अ‍ॅलेक्स जेसाउलेंको यांनी कार्लटनला जिंकून दिलं. कर्णधार-प्रशिक्षकाचं ते शेवटचं अजिंक्यपद.

तुमच्याकडे गाडी अडेल ती बदली करताना. खेळणाऱ्याला चेंडू दिसतो, पलीकडच्या बाजूला दमून चालणारा गडी दिसत नाही. आणि स्वतः दमलोय हे तर त्याला सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून बदलीचा अधिकार, कर्णधाराला बाहेर काढण्यासकट, रेषेबाहेरच्या एकाच माणसाला द्या. बाहेर गेलेला परत येऊ शकतो का, हे आयोजकांना आधीच विचारून घ्या. कर्णधाराला मधल्या बचावात खेळवा; तिथून सगळं मैदान समोर असतं. इथे निकोल्स यांचं अनुकरण नको. मध्यंतरात आधी पाणी, मग बाहेरच्या माणसाचं निरीक्षण, शेवटी कर्णधाराच्या दोनच सूचना. संघनिवडीला मात्र तिघं बसा, नाहीतर दोस्तीखात्याची कुरकुर पहिल्याच पराभवानंतर सुरू होते.