आधी ग्राइंडरचं गार्ड परत बसव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तू घरी वेल्डिंग करून बनवलेल्या कुंड्यांच्या स्टँडचे फोटो पाहिले. जोड ओबडधोबड आहेत, पण चारही पाय जमिनीला टेकतायत. पहिल्या कामाला एवढं पुरे, जोडांचं पुढच्या खेपेला बघू. आज मला बोलायचंय ते तू पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलंस त्याबद्दल. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं आणि आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, असं लिहिलंयस.

वेल्डिंगच्या आर्कमधून, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या झोतातून, अतिनील किरणं निघतात. उन्हानं कातडी भाजते तसा त्यांनी डोळ्याचा वरचा पातळ पडदा भाजतो, आणि दुखणं सुरू होतं साधारण ६ ते १२ तासांनी. म्हणून दुपारचं काम मध्यरात्री रडवतं. 'नुसते टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे टाके) मारत होते, तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतले,' असं तुझं म्हणणं. अगं, पापणी मिटायच्या आत आर्क पेटलेला असतो. आणि पाइप धरून उभा असलेला धाकटा भाऊ कुठे बघत होता? अडीच मिलिमीटरचा रॉड ७० ते ९० अँपिअरवर चालवतेस, तर मास्कला १० नंबरची काळी काच हवी, एका टॅकलासुद्धा. भावालाही दुसरा मास्क दे, नाहीतर त्याच्याऐवजी क्लॅम्प लाव. बटाटा गार वाटतो इतकंच, उलट कच्च्या चकतीतून जंतू जायची भीती. पुन्हा असं झालं तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोळा बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून परस्पर घालू नकोस. दुखणं थांबतं, पण जखम भरायला वेळ लागतो.

त्याच आठवड्यात थंडी वाजून ताप आला, तो तू पावसात भिजल्याच्या खात्यावर टाकलायस. मला पटत नाही. फोटोत जोडाभोवती पांढरी राख दिसते, म्हणजे पाइप जी.आय.चा, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे तुझा जोड धरायच्या आधीच जस्ताचा धूर होऊन तुझ्या नाकात. काही तासांनी हुडहुडी, ताप, तोंडाला धातूची चव. दिवस-दोन दिवसांत उतरतो म्हणून कोणी मनावर घेत नाही. वेल्डर मंडळी वर दूध-गूळ खातात. खावं की, पण धूर फुफ्फुसात जातो आणि दूध पोटात. तोंडाला बांधलेला रुमालही हा धूर अडवत नाही. धाप लागली तर मात्र घरी बसू नकोस, दवाखाना गाठ.

या कामात शरीर बोंब मारतं ते असं उशिरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत ही उणीव दुसरा माणूस भरून काढतो. नव्या पोरानं मास्क न घेता रॉडचा होल्डर उचलला की मागून कोणीतरी खेकसतोच, आणि ते खेकसणं पोराचे डोळे वाचवतं. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये डोळ्यांच्या संरक्षणाचं ३५ वं कलम होतं, पण कारखान्यांचे कायदे तुझ्या पोर्चपर्यंत येत नाहीत. तुझ्यावर खेकसायला घरात कोणी नाही. तेव्हा चूक करताच येऊ नये अशी मांडणी तुलाच करावी लागेल.

सुरुवात ग्राइंडरपासून. त्याचं गार्ड, म्हणजे डिस्कवरचं लोखंडी झाकण, टेबलाखाली पडलेलं मला फोटोत दिसलं. ५ इंची डिस्क जास्त दिवस टिकते म्हणून ते काढलंस ना? तुझं ४ इंची मशीन मिनिटाला ११-१२ हजार फेरे घेतं. डिस्क जास्तीत जास्त किती फेरे सोसेल तो आकडा तिच्यावर छापलेला असतो: ४ इंचीवर १५ हजारांच्या वर, ५ इंचीवर १२ हजारांच्या जरासा वर, आणि ७ इंचीवर जेमतेम साडेआठ हजार. शिवाय ५ इंचीचं भोक २२ मिलिमीटरचं आणि तुझ्या मशीनवरची डिस्कची बैठक १६ ची. मधे पत्रा गुंडाळून बसवलेली डिस्क मध्यावर कधीच बसत नाही, थरथरते, आणि फुटली की तिच्या रेषेत जो असेल त्याचं तोंड फोडते. लाकडाचं दातेरी पातं तर त्या मशीनला लावायचंच नाही, दुकानदार काहीही म्हणो. गार्ड बसव म्हणजे मोठी डिस्क आपोआपच बसणार नाही. नवी डिस्क लावलीस की अर्धा मिनिट बाजूला धरून रिकामी फिरव. मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदतीची तारीख असते, तीही बघ.

ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. ग्राइंडरवर घालायला सांगतात म्हणून सगळे गोंधळतात. फिरत्या बिटानं मोज्याचा एक धागा पकडला की मागून बोट जातं. वेणी, ओढणी, हातातला दोरा यांचंही तेच. पट्टी हातात धरून भोक पाडू नकोस. बिट पलीकडे निघतानाच अडकतं आणि पट्टी गरकन फिरते. व्हाइसमध्ये आवळ.

पोर्चमध्ये तुझी स्कूटर उभी असते, कोपऱ्यात गोणपाटं आणि टर्पेंटाइनचा डबा. ठिणग्या सहज तिथवर जातात आणि गोणपाट ज्वाळेशिवाय तासभर धुमसतं. आधी स्कूटर बाहेर काढ. काम संपल्यावर तासभर तिथेच थांब, झाडलोट कर, हत्यारं पुस. ताज्या जोडाची लाली गेली तरी तो हात भाजेल इतका गरम असतो, म्हणून शेजारी खडूनं 'गरम' लिही. भाजलंच तर २० मिनिटं नळाखाली धर. टूथपेस्ट नको, हळद नको.

शेजारच्या काकांनी दिलेला ऑइलचा बॅरल कापून शेगडी करायचा बेत मात्र रद्द. रिकाम्या बॅरलमध्ये वाफ उरलेली असते, झाकण बंद असलं तर तो बॉम्बसारखा फुटतो. शेगडीसाठी भंगारवाल्याकडून सपाट पत्रा आण.

स्टँडचा वरचा कप्पा राहिलाय, तो उरलेल्या जी.आय. पाइपचाच कर, पण वेल्डिंग न करता. हार्डवेअरच्या दुकानात पाइपच्या मापाचे यू-क्लॅम्प मिळतात, नट-बोल्टवर आवळ. पुढच्या कामाला एम.एस.चा, म्हणजे जस्त नसलेल्या साध्या लोखंडाचा, काळा पाइप घे.

तुझा,
काका