घसा सारखा धरतो, टॉन्सिल काढायचे का?

मागच्या हिवाळ्यात नंदुरबारजवळच्या खेड्यातली एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्यासमोर बसली. डॉक्टरांनी तपासून औषध लिहून दिलं होतं, पण मनातला प्रश्न तिला तिथे विचारता आला नव्हता. "ताई, आते काय करू? वर्षात चौथ्यांदा घसा धरला. टॉन्सिल काढून टाकू का?" सासूचं म्हणणं वेगळं होतं. पडजीभ पडली आहे, बोटाला मीठ-हळद लावून उचलून घे.

मी तिला चारही वेळा आठवायला लावल्या. आधीच्या तीन वेळा नाक गळत होतं, खोकला होता, आवाज बसला होता आणि चार-पाच दिवसांत पोर खेळायला लागलं होतं. असा घसा व्हायरसमुळे धरतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, एवढं पुरतं. (मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.) या वेळी मात्र सर्दी नाही, खोकला नाही. एकदम ताप चढला, थुंकी गिळतानाही पोर रडत होतं, जबड्याखाली दुखऱ्या गाठी होत्या आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके. 5 ते 15 वयात असं दिसलं की डॉक्टरांना स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संशय येतो. घसा दुखणाऱ्या दर दहा मुलांत साधारण दोन-तीन मुलांनाच हा जंतू असतो, पण त्या दोघा-तिघांना अँटिबायोटिक पूर्ण लागतं.

पूर्ण म्हणजे 10 दिवस. ती म्हणाली, "ताप तर दोन दिवसांत उतरतो." मला याचीच भीती वाटते. औषध अर्ध्यावर सोडलं तर जंतू मागे राहू शकतो आणि दोन-चार आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो. त्यात सुजलेले सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप कायमची खराब होऊ शकते. हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला येणारी मुलं मी पाहते. म्हणून मी तिच्याकडून हिशेब करून घेतला. पातळ औषधाची एक बाटली 10 दिवस पुरणार नव्हती, तेव्हा दुसरी आजच घेऊन ठेव, पण पावडरीत पाणी पहिली संपल्यावरच घाल.

ऑपरेशनचा विचार तेव्हा होतो, जेव्हा डॉक्टरांनी नोंदवलेला टॉन्सिलचा त्रास वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं 5-5, किंवा तीन वर्षं 3-3 वेळा होतो. झोपेत घोरताना श्वास अडकत असेल तर ते कारण वेगळं. या मुलाच्या चारपैकी तीन वेळा तर सर्दीच होती.

पडजिभेचं मी सासूबाईंनाच बोलावून सांगितलं. आजी, सुजलेल्या घशात बोट घातलं की जखम होते. आणि घशात राखाडी, चिकट पापुद्रा असेल तर तो घटसर्प (डिप्थेरिया) असू शकतो, तो पापुद्रा चोळला की रक्त येतं. लसीचं कार्ड मागितलं तर पाच वर्षांचा डोस राहिलेला. लगेच सिस्टरांकडे पाठवलं. लाळ गळायला लागली, तोंड उघडेना, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा पाणीही उतरेना, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात आणा, हेही सांगितलं.

दारात मुलाचा बाप उभा होता. "चला" म्हणाला तेव्हा त्याचा घोगरा आवाज मला ऐकू आला. दोन महिन्यांपासून असाच, बायको म्हणाली. तो मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला, तोंडात तंबाखू. "मिरचीचा खकाणा आहे, हंगाम संपला की जाईल." खकाण्याने ठसका लागतो, घसा चरचरतो, खरं आहे. पण मोठ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, त्यात तंबाखू असली, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र दुर्बिणीतून बघायलाच हवं. कॅन्सर हा शब्द मी उच्चारला. त्याने मान खाली घातली. चिठ्ठी घेतली, खिशात ठेवली.

अकराव्या दिवशी आई दोन रिकाम्या बाटल्या घेऊन आली. मुलगा बाहेर चिंचेखाली पळत होता. नवरा अजून गेला नव्हता. मी तिच्याकडून त्याचा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच लावला.