लडलोचं घर: खांबालगतच्या फटीत सिलिकॉन भरू नका

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या लडलो गावातल्या सोळाव्या शतकातल्या घराच्या दर्शनी भिंतीत ओकचे खांब आणि त्यांच्यामधले लिंपलेले पांढरे चौकोन यांच्यात फट पडलीय, आत ओल आहे आणि कंत्राटदार फटीत सिलिकॉन व वर सिमेंटचा गिलावा सुचवतोय. कृपा करून थांबा. आम्ही अशाच एका कंपनीचं ऐकलं. ओल मोजणाऱ्या मीटरच्या दोन टाचण्या भिंतीत टोचून तिने 'जमिनीतून ओल चढतेय' असं सांगितलं. गळत होतं पन्हाळ, आणि सिमेंटमागे कुजली ती खालची आडवी तुळई, जिच्यावर सगळे खांब उभे असतात.

त्या काळी ओक ओला असतानाच तासून उभा करत. वाळताना तो आक्रसतो आणि पुढेही ऋतूप्रमाणे हलत राहतो. सिलिकॉन एका कडेने सुटतं, केसाएवढ्या चिरेतून पाणी आत ओढलं जातं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, मागोमाग लाकूड पोखरणारा डेथवॉच किडा.

आधी पन्हाळ बघा, मग दाभण घेऊन लाकडात टोचून बघा. वरचा सेंटिमीटरभर भुसभुशीत लागला तर घाबरू नका, आतला गाभा बहुधा कडक असतो. पण खांबाचं टोक खाचेत बसतं तिथे दाभण 3-4 सेंटिमीटर सहज गेलं आणि चहाच्या भुकटीसारखा भुगा आला, तर जुन्या घरांचं काम करणारा सुतारच बोलवा. कुजलं तेवढंच काढून नवा ओक तिरक्या सांध्याने जोडायचा. साधे लोखंडी स्क्रू नकोत, ओकमधलं टॅनिन ते खातं. स्टेनलेस स्टील किंवा ओकच्या खुंट्या वापरा.

चौकोन मूळचे असतील तर ते आपल्या कोकणातल्या कुडासारखेच: काठ्यांची विण आणि त्यावर माती, पेंढा, शेणाचं लिंपण. हे लिंपण ओल बाहेर सोडतं, त्यामुळे फटीतही ओल बाहेर सोडणारा चुनाच हवा. विरवलेल्या चुन्याचा लगदा 1 भाग, खरखरीत वाळू 3 भाग आणि शेळीचे केस. जागा आधी ओली करा, पातळ थर द्या, वर ओलं गोणपाट टांगा. तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नका. पुढे बारीक चीर पडली तर पातळ चुन्याच्या सफेदीचा हात पुरतो.

लाकडावरचा काळा रंग बऱ्याचदा व्हिक्टोरियन काळातली हौस असते. तरीही वाळूचा मारा करून तो काढू नका, सुतारांनी कोरलेल्या जोडणीच्या खुणा पुसल्या जातात.

मी इंजिनिअर नाही. वरचा पुढे आलेला मजला खचतोय असं वाटलं तर आधी इंजिनिअरला दाखवा. असं जुनं घर संरक्षित यादीत असेल तर कामाला परवानगी लागते, हे माहीत असेलच. अर्जाला फी नाही, विनापरवाना काम मात्र गुन्हा आहे. इंग्रज कलाकार-लेखक विल्यम मॉरिस वगैरेंनी 1877 मध्ये काढलेली, जुन्या इमारती जपणारी एसपीएबी ही संस्था फोनवर सल्ला देते. कंत्राटदाराला होकार देण्याआधी तिथे बोला.