ब्लीडिंग करूनही ब्रेकचं पेडल फोमसारखं का लागतं? आणि ब्रेक ऑइल खरंच बदलावं लागतं का?

तुमच्या जुन्या सात सीटर डिझेल गाडीचं ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, पुन्हा पुन्हा करूनही पेडल मऊच लागतंय. आणि मेकॅनिक म्हणतो, ब्रेक ऑइल बदलायचं नसतं, कमी झालं की भरायचं. पेडलचं सांगतो, पण आधी मेकॅनिकच्या त्या वाक्याचं बोलू द्या. साफ चुकीचं आहे ते. हेच वाक्य आमचे दाजी वर्षानुवर्षं बोलत आले आणि त्याचा ठपका मात्र माझ्या भाच्यावर बसला.

माझं गॅरेज कन्नडला. इथून चाळीसगावकडे उतरायचं म्हणजे औट्रम घाट. दाजी सिल्लोडचे, त्यांची गाडी तिकडच्याच मिस्त्रीकडे जायची. मी कधी विषय काढला की म्हणायचे, "इंजिन ऑइल जळतंय म्हणून बदलायचं. ब्रेकचं तेल बंद नळीत असतंय, त्याला काय व्हायलंय?" चाळीसगावला पाहुण्यांत लग्न होतं. गाडी गच्च भरलेली, टपावर आहेराचं सामान, उन्हाळ्याचे दिवस. भाचा चालवत होता, मी त्याच्या शेजारी, दाजी मधल्या सीटवर. अर्ध्याहून जास्त घाट उतरला असेल आणि पोरगं हळूच म्हणालं, "मामा, पेडल खाली गेलं." मी वाकून बघितलं. पाय तळाला टेकलेला आणि गाडी पळायलीच. त्याला म्हणालो, गिअर खाली टाक, पेडल मारत राहा, हँडब्रेक थोडा थोडा ओढ. हँडब्रेक केबलवर चालतो, त्याला तेलाशी देणंघेणं नाही. पोरानं सगळं शांत डोक्यानं केलं आणि गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन उभी केली. मागच्या ट्रकवाल्यानंसुद्धा खाली उतरून त्याची पाठ थोपटली.

चाकं गार होईपर्यंत सगळे सावलीला बसलो. नंतर दाजींनी स्वतः पेडल दाबून बघितलं तर एकदम कडक! झालं. सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "ब्रेक टाइट हाय की. ह्यालाच घाट उतरायचं कळंना." तेव्हापासून घरात कुठं जायचं म्हटलं की चावी दुसऱ्याच्या हातात जाते. अजूनही.

आता यातलं खरं काय ते लिहितो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नळी बंद असली तरी रबरी होजमधून आणि वरच्या भांड्याच्या झाकणातून ओल आत शिरतेच. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट 3 चं नवं तेल कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळायला नको, असा नियम आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तोच आकडा 140 वर येतो. डॉट 4 ला 230 आणि 155. घाटात चाकाजवळचा, पॅड दाबणारा कॅलिपर तापला की असलं जुनं तेल आतल्या आत उकळतं, त्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय तळाला जातो. गाडी गार झाली की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल कडक लागतं. गार गाडीचं पेडल दाबून निकाल देणाऱ्यानं म्हणूनच काहीच सिद्ध केलेलं नसतं. नुसते पॅड तापून ब्रेक गेले असते, तर पेडल कडकच राहिलं असतं आणि तरी गाडी थांबली नसती. इथं पेडल तळाला गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. पुढच्या आठवड्यात ती गाडी माझ्याकडे आली, चाकाजवळचा तेल-हवा सोडायचा निपल उघडला तर गुळाच्या काळ्या चहासारखं तेल निघालं. तेलातलं पाणी बघायच्या टेस्टरवर लाल दिवा लागला. दाजी म्हणाले, तुझं मशीनच खोटं.

तर बदलावं का? हो. दोन वर्षांनी, गाडी उभी असली तरीसुद्धा. आणि तेल कमी दिसलं की आधी पॅड बघा. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. पॅड ठीक असतील तर गळती शोधा. नुसतं वरून ओतणं म्हणजे दुखणं झाकणं.

आता तुमचं मऊ पेडल. तुम्ही मागची बाजू जॅकवर उचलून ब्लीडिंग केलंय, असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय. अशा गाड्यांत बहुतेक वेळा मागच्या एक्सलपासून बॉडीकडे एक रॉड किंवा स्प्रिंग जाते, तिच्यावर लोड व्हॉल्व्ह असतो, वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा. एक्सल लोंबकळला की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा दाब तोडतो. मग मागची हवा निघतच नाही. गाडी चाकांवर उभी करून करा. काही गाड्यांत त्या व्हॉल्व्हलाच वेगळा निपल असतो, तोही सोडायचा नाही. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. तुमच्या मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असेल तर तोच खरा. पेडल भराभर मारू नका, आत फेस होतो. सावकाश दाबायचं, धरून ठेवायचं, निपल बंद झाल्यावरच सोडायचं. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत नेऊ नका, पायाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात आतला रबरी वायसर कधी जात नाही तिथं गंज असतो, वायसर तिथं फाटतो.

पहिल्या दाबात लांब आणि दुसऱ्यात वर येत असेल तर हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले लायनर सैल आहेत. लायनर आधी ॲडजस्ट करा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात. पाय धरून ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर गळती नसेल तर मास्टर सिलिंडर गेलं. इंजिन सुरू करताना पेडल थोडं खाली जाणं मात्र बरोबर आहे, त्याची चिंता नको. कॅलिपर काढून बसवले असतील तर निपल वरच्या अंगाला आहे ना बघा. डावा-उजवा बदलला की तो खाली येतो आणि हवा वर अडकते.

हे सगळं एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर स्कॅनर लागतो. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते 3 किंवा 4 मध्ये मिसळू नका. स्टीअरिंगचं किंवा हायड्रॉलिकचं तेल तर चुकूनही नको, सगळे रबर फुगतील. टेस्टर पेनवरही डोळे झाकून विश्वास नको. आणि भाचा चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत होता, हे खरं आहे. दुसऱ्यात उतरायला हवं होतं. पण ताजं तेल असतं तर ते इतक्यात उकळलं नसतं, आणि ते तेल बदलणं काही त्या पोराच्या हातात नव्हतं. तुमच्या घरात कोणी असा बोल खाल्ला असेल तर त्याला हे वाचायला द्या.

गाडी जमिनीवर टेकवून एकदा करा आणि मागच्या निपलमधून तेल जोरात येतंय की नुसतं पाझरतंय, ते इथं कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.