लहान मुलांसोबत तुम्ही एखादा ऐतिहासिक राजकीय क्षण पाहिला आहे का? मुलांना त्यातलं काय कळलं?

हो, पाहिलाय. २५ जुलै २०२२, सोमवार. मुलांची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी दहाच्या सुमाराला दोघंही घरीच होती. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, मुलगा साडेपाचचा. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपतिपदाची शपथ घेणार होत्या आणि ते मुलांनी माझ्या शेजारी बसून बघावं, असं मला फार मनापासून वाटत होतं.

आधी थोडं सांगून ठेवलं. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातलं उपरबेडा गाव, संथाल कुटुंब. आधी शिक्षिका, मग १९९७ साली रायरंगपूरच्या नगरसेविका, पुढे आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल. मुलगी नीट ऐकत होती. मुलाचं सगळं लक्ष मिरवणुकीतल्या घोड्यांकडे.

सरन्यायाधीश रमणा यांनी शपथ दिली. माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात मावळते राष्ट्रपती रामनाथ कोविंद आणि मुर्मू यांनी खुर्च्यांची अदलाबदल केली. ही तिथली रीतच आहे, पण माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. मुलगा एकदम ताठ बसला.

"आई, त्या आजोबांना का उठवलं?"

"उठवलं नाही रे. त्यांची पाच वर्षं संपली."

"मग ते रडले नाहीत?"

"नाही. बघ ना, शेजारीच बसलेत."

त्याच्या वर्गात खिडकीजवळच्या जागेवरून रोज मारामाऱ्या व्हायच्या, त्यामुळे त्याला हे खरंच वाटेना. खुर्चीसाठी माणसं काय काय करतात, हे आपण वर्षानुवर्षं बातम्यांत बघतो. इथे देशातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवरून एक माणूस मुदत संपली म्हणून उठतो आणि बाजूच्या खुर्चीत जाऊन बसतो. मी इतक्या निवडणुकांत मतदान केलंय, पण लोकशाहीतली ही गोष्ट मला त्या दिवशी माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलाने दाखवली.

मुलीचं वेगळंच चाललं होतं. "पहिल्या आदिवासी राष्ट्रपती" हे शब्द मी सकाळपासून चार-पाच वेळा तरी उच्चारले असतील. तिने विचारलं, "पहिल्याच का? आधी का नाही झालं कोणी?"

मी सांगायला लागले. १९५० पासून आधीचे चौदा जण, त्यात १९९७ साली के. आर. नारायणन हे पहिले दलित राष्ट्रपती, २००७ साली प्रतिभाताई पाटील या पहिल्या महिला. तिने मला मध्येच थांबवलं. "पण आदिवासींमध्ये आधी कोणी हुशार नव्हतं का?"

हे मला लागलं. हुशार पुष्कळ होते गं, पण त्यांच्या पाड्यापर्यंत शाळा पोचली नव्हती. जिथे पोचली तिथेही आपल्यासारख्यांनी त्यांना आपलं म्हटलं नाही, असं मी तिला सांगितलं. खरं तर हे ती मोठी झाल्यावर सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण "पहिल्यांदा" म्हणायचं आणि त्याच्या आधीचं झाकून ठेवायचं, हे आठ वर्षांच्या पोरीसमोर जमत नाही. आणि जमू नयेच, असं आता मला वाटतं.

तेवढ्यात भाषण सुरू झालं. पहिलाच शब्द "जोहार", आदिवासींचा नमस्कार. मराठी कानांना तो अभंगांतून ओळखीचा, पण त्या सभागृहात तो ऐकताना अंगावर काटा आला. लहानपणी आपल्या गावात प्राथमिक शिक्षण मिळणं हेसुद्धा स्वप्नासारखं होतं आणि कॉलेजात गेलेली गावातली पहिली मुलगी आपणच, असं त्या म्हणाल्या. मुलगी माझ्याकडे वळली. "तू आत्ता सांगितलंस तेच." मी नुसती मान हलवली.

ही निवड केवळ प्रतीकात्मक आहे, असं माझ्या काही मित्रमैत्रिणींचं म्हणणं होतं. एक बाई तिथे पोचल्याने प्रत्येक पाड्यावर शाळा येत नाही, हे मलाही मान्य आहे आणि मुलीलाही मी ते सांगितलं. पण प्रतीक म्हणून ते किरकोळ ठरतं, हे मला पटत नाही.

"तू त्यांना मत दिलंस?" असंही तिने विचारलं. नाही, राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार मत देतात. त्या वेळी खासदाराचं एक मत ७०० मतांइतकं धरलं गेलं, आपल्या महाराष्ट्रातल्या आमदाराचं १७५ मतांइतकं.

"आणि आमदाराला कोण मत देतं?"

"मी."

"मग तुझं थोडंसं पोचलंच की तिथे."

संध्याकाळी शाळेतून आल्यावर मुलाने दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या. ताईने बसायचं, त्याने "पाच वर्षं संपली" म्हटलं की उठायचं, मग तो बसणार, आणि मी तोंडाने तोफा उडवायच्या. एकवीस. एक कमी पडली, तर पुन्हा पहिल्यापासून.